लिफाफ्यात राहिलेले नाव

(मंडळाच्या वार्षिक विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



'जगातील आगळ्यावेगळ्या वास्तू' या विषयावर बोलावे, असे मंडळाच्या कार्यकारिणीने आम्हाला सांगितले तेव्हा प्रथम संकोच वाटला. आम्ही इंजिनिअर नाही की आर्किटेक्ट नाही. कला शाखेची पदवी घेतली आणि बँकेत कारकून म्हणून लागलो. चेक, व्हाउचर आणि पासबुक हाच आमचा रोजचा संसार. परदेशातील एकही वास्तू आम्ही प्रत्यक्ष पाहिलेली नाही. जे काही ठाऊक आहे ते ग्रंथालयात बसून वाचलेले आणि चित्रांतून पाहिलेले. तेव्हा या भाषणात काही उणे राहिले तर तो दोष आमचा, असे समजून मोठ्या मनाने ऐकावे, ही विनंती.

आगळ्यावेगळ्या वास्तू म्हटले की आपण उंची मोजतो, खर्च मोजतो आणि तोंडात बोट घालून मोकळे होतो. आम्हीही बरीच वर्षे तेच केले. परंतु वाचता वाचता एक गोष्ट ध्यानात आली. ज्या तीन वास्तूंनी गेल्या शतकात साऱ्या जगाला चकित केले, त्या तिन्हींच्या आराखड्यांची निवड झाली तेव्हा ते कोणी काढले हे परीक्षकांना ठाऊकच नव्हते. कागदावर फक्त क्रमांक होता. नाव बंद लिफाफ्यात होते. आज या तीन वास्तूंची आणि त्या लिफाफ्याची गोष्ट सांगणार आहोत. शेवटी आमची स्वतःची एक चूक सांगायची आहे. ती सांगितल्याशिवाय हे भाषण पुरे होणार नाही.

पहिली वास्तू ऑस्ट्रेलियातील सिडनी ऑपेरा हाऊस. बंदराच्या पाण्यात शिरलेल्या जमिनीच्या एका चिंचोळ्या टोकावर, शिडे उभारलेल्या गलबतासारखी दिसणारी ही इमारत. तिचे चित्र आपल्यापैकी प्रत्येकाने कॅलेंडरवर केव्हा ना केव्हा पाहिले असेलच. त्या जागेचे नाव बेनेलाँग पॉइंट. बेनेलाँग हा तेथील मूळ रहिवासी जमातीतील माणूस होता. ऑपेरा हाऊसच्या आधी त्या जागेवर ट्रामगाड्यांचे आगार होते.

सिडनीला संगीत-नाटकासाठी चांगले सभागृह असावे, असा आग्रह तेथील वाद्यवृंदाचे प्रमुख यूजीन गूसेन्स यांनी धरला आणि न्यू साउथ वेल्स प्रांताचे मुख्यमंत्री जोसेफ केहिल यांनी तो उचलून धरला. हे केहिल कोण? तरुणपणी रेल्वेच्या कारखान्यात फिटर म्हणून राबलेले, १९१७ च्या संपात नोकरी गमावलेले, मजूर पक्षाचे कार्यकर्ते. कामगारांचा माणूस आणि ऑपेरा हाऊसचा आग्रह, हे पुष्कळांना विचित्र वाटले. परंतु उत्तम संगीत ही फक्त श्रीमंतांचीच मिरास का असावी?

त्यासाठी जागतिक स्पर्धा जाहीर झाली. २३३ आराखडे आले. परीक्षक चार, त्यांपैकी अमेरिकेत स्थायिक झालेले ईरो सारिनेन हे जगद्विख्यात. प्रत्येक आराखड्याला क्रमांक दिलेला होता. २९ जानेवारी १९५७ रोजी निकाल लागला. क्रमांक २१८ पहिला आला. लिफाफा उघडला तेव्हा नाव निघाले यॉर्न उत्झॉन, वय ३८, राहणार डेन्मार्क. मोठी म्हणावी अशी एकही इमारत तोवर त्यांच्या नावावर नव्हती. सिडनी शहर त्यांनी पाहिलेलेही नव्हते. त्यांचे वडील जहाजांचे आराखडे करीत. मुलाने सागरी नकाशे आणि छायाचित्रे मांडीवर घेऊन त्या बंदराचा अभ्यास केला होता. त्यांनी पाठविलेली चित्रे इतकी साधी होती की ती जवळजवळ रेखाटनेच आहेत, असे परीक्षकांनी आपल्या अहवालात मान्य केले. तरीही त्या रेखाटनांत जगातल्या एका थोर इमारतीची शक्यता आहे, असा त्यांचा निर्वाळा होता.

विद्यार्थी मित्रांनो, आता कल्पना करा. त्या कागदावर नाव असते तर? एका बाजूला नावाजलेल्या कंपन्या, मोठमोठी कार्यालये, आणि दुसऱ्या बाजूला डेन्मार्कच्या एका गावातला, फारसा कोणाला माहीत नसलेला माणूस. चार सभ्य, सुशिक्षित परीक्षक बसले असते, तरी त्यांच्या मनात 'हा कोण?' हा प्रश्न आल्याशिवाय राहिला असता का? परीक्षक वाईट होते असे आम्हाला म्हणायचे नाही. चांगल्या माणसाचीही नजर आधी नावावर जाते आणि मग कामावर, एवढेच म्हणायचे आहे.

आराखडा निवडला गेला, पण ते छप्पर उभे कसे राहणार हे तेव्हा खुद्द उत्झॉन यांनाही ठाऊक नव्हते. ओव्ह अरुप यांच्या कंपनीतील इंजिनिअर वर्षानुवर्षे गणिते मांडीत होते. प्रत्येक शिंपल्याचा आकार निराळा, म्हणून प्रत्येकाला साचा निराळा, आणि तेवढे साचे करायचे तर खर्चाला अंत नाही. १९६१ च्या सुमारास उत्झॉन यांना तोड सापडली. सगळे शिंपले एकाच मोठ्या गोलाचे तुकडे आहेत असे मानायचे. संत्र्याच्या सालीचे वेगवेगळ्या आकाराचे तुकडे काढले तरी त्यांची गोलाई एकच असते, तसे. गोलाची त्रिज्या सुमारे ७५ मीटर ठरली. गोलाई एकच असल्याने मोजके साचे पुन्हा पुन्हा वापरता आले. काँक्रीटचे २,१९४ भाग जमिनीवर ओतून तयार केले आणि वर नेऊन जोडले. त्यावर स्वीडनमध्ये बनविलेल्या १०,५६,००६ फरशा बसविल्या. लांबून पांढरे शुभ्र दिसणारे ते छप्पर जवळून पाहिले तर तकतकीत पांढऱ्या आणि मंद पिवळसर अशा दोन प्रकारच्या फरशांचे आहे.

आम्ही बँकेतली माणसे, म्हणून हिशेबाची बाजूही सांगितली पाहिजे. सुरुवातीचा अंदाज आजच्या ऑस्ट्रेलियन चलनात ७० लक्ष डॉलरचा आणि पूर्ण करण्याची मुदत १९६३ सालची. प्रत्यक्ष खर्च झाला १० कोटी २० लक्ष डॉलर आणि दारे उघडली १९७३ साली. बहुतेक सगळा पैसा लॉटरीतून उभा राहिला. असे का झाले? नकाशे पुरे होण्याआधीच मार्च १९५९ मध्ये काम सुरू केले. राजकारणाची घाई होती. वरच्या छपराचे वजन किती हे ठरण्याआधी खालचे खांब ओतले आणि पुढे ते कमी पडल्यावर तोडून पुन्हा बांधावे लागले. कर्जाचा अर्ज नीट तपासण्याआधी पहिला हप्ता उचलून द्यावा, तसा हा प्रकार झाला.

या बांधकामाच्या काळातला एक प्रसंग आम्हाला फार आवडतो. ९ नोव्हेंबर १९६० रोजी अमेरिकेचे विख्यात कृष्णवर्णीय गायक पॉल रॉब्सन तेथे गेले आणि त्या अर्धवट बांधकामावर, मजुरांसमोर गायले. मजूर परांचीवर चढून ऐकत होते. राणीसाहेबांच्या हस्ते उद्घाटन होण्याच्या तेरा वर्षे आधी त्या जागी पहिले गाणे झाले ते मजुरांसाठी.

पुढची कथा दुःखाची आहे. १९६५ साली सरकार बदलले. नव्या बांधकाम मंत्र्यांनी खर्चाचा लगाम हाती घेतला, उत्झॉन यांची देणी अडली, वाद वाढत गेला. २८ फेब्रुवारी १९६६ रोजी उत्झॉन यांनी काम सोडले. त्यांना परत बोलवा म्हणून सिडनीच्या रस्त्यावर मोर्चा निघाला, पण उपयोग झाला नाही. ते देश सोडून गेले आणि पुन्हा कधीही ऑस्ट्रेलियात आले नाहीत. आतली सभागृहे पीटर हॉल आदी दुसऱ्या वास्तुकारांनी पुरी केली. २० ऑक्टोबर १९७३ रोजी राणी एलिझाबेथ यांच्या हस्ते उद्घाटन झाले. त्या समारंभात, ज्याच्या मनात ही इमारत प्रथम उभी राहिली त्याचे नावसुद्धा कोणी घेतले नाही.

पुढे चूक उमगली. १९९९ साली त्यांना पुन्हा सल्लागार म्हणून सन्मानाने बोलाविले. २००३ साली वास्तुकलेतील सर्वोच्च मानले जाणारे प्रित्झकर पारितोषिक त्यांना मिळाले. २००४ साली त्यांच्या आराखड्याप्रमाणे सजविलेल्या एका दालनाला त्यांचे नाव दिले. २००७ साली ती वास्तू जागतिक वारसा यादीत गेली. २००८ च्या नोव्हेंबरात उत्झॉन वारले. पूर्ण झालेली इमारत त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी कधीच पाहिली नाही.

येथे एक गोष्ट मनात टिपून ठेवा. याच माणसाचे नाव दोन वेळा झाकले गेले. पहिल्यांदा झाकले तेव्हा न्याय झाला. दुसऱ्यांदा झाकले तेव्हा अन्याय झाला. असे का, याचा विचार आपण शेवटी करू.

दुसरी वास्तू पॅरिसमधील पॉम्पिदू केंद्र. फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष जॉर्ज पॉम्पिदू यांनी ठरविले की शहराच्या मध्यभागी आधुनिक कला आणि मोठे सार्वजनिक ग्रंथालय एका छताखाली आणायचे. स्पर्धेला ६८१ आराखडे आले. येथेही क्रमांकच. परीक्षक मंडळाचे प्रमुख होते झाँ प्रूव्हे. १९७१ च्या जुलैमध्ये क्रमांक ४९३ निवडला गेला. लिफाफ्यातून निघाले दोन तरुण आणि त्यांचे सहकारी. रेंझो पियानो इटलीचे, वय ३३. रिचर्ड रॉजर्स इंग्लंडचे, वय ३७. राष्ट्राच्या मानाची इमारत, आणि ती बांधणार परदेशातली दोन पोरे!

त्यांनी केले काय? आपण घर बांधताना पाण्याचे पाइप, विजेच्या वायरी भिंतीत लपवितो. त्यांनी हे सगळे इमारतीच्या बाहेर काढून रंगवून ठेवले. हवेचे पाइप निळे, पाण्याचे हिरवे, विजेचे पिवळे, आणि माणसांची ये-जा करणारे लिफ्ट व सरकते जिने यांना लाल. खांबांचा लोखंडी सांगाडाही बाहेर. त्यामुळे आतला एकेक मजला सुमारे ४८ मीटर रुंदीचा आणि मध्ये एकही खांब नाही. आज ग्रंथालय मांडा, उद्या प्रदर्शन मांडा. सरकता जिना काचेच्या नळीतून इमारतीच्या तोंडावरून तिरका वर जातो आणि चढता चढता सारे शहर दिसू लागते.

परंतु आम्हाला सर्वांत मोठी वाटते ती दुसरीच गोष्ट. मिळालेल्या जागेपैकी जवळजवळ अर्धी जागा त्यांनी मोकळी सोडली. तेथे चौक केला. माणसांनी यावे, बसावे, डोंबाऱ्याचे खेळ पाहावे, गप्पा माराव्यात. ३१ जानेवारी १९७७ रोजी केंद्र उघडले. पॉम्पिदू स्वतः १९७४ साली वारल्यामुळे त्यांना ते पाहता आले नाही. हा तेल शुद्ध करण्याचा कारखाना आहे काय, अशी टीका पुष्कळ झाली. पण लोक अपेक्षेच्या कितीतरी पटीने आले. ज्या माणसाला राजवाड्यासारख्या संग्रहालयाची पायरी चढताना आपले कपडे आठवतात, त्याला येथे बिचकल्यासारखे होत नव्हते. २०२५ साली ही इमारत मोठ्या दुरुस्तीसाठी काही वर्षांकरिता बंद करण्यात आली. पन्नास वर्षे लोकांनी वापरून वापरून झिजविलेली इमारत आहे ती.

तिसरी वास्तू पाहिली तर इमारतही नाही. ती एक भिंत आहे, आणि तीही जमिनीच्या खाली उतरणारी. अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन येथील व्हिएतनाम युद्धातील मृत सैनिकांचे स्मारक. त्या युद्धावरून अमेरिकन समाज दुभंगला होता. परतलेल्या सैनिकांचे स्वागत करायलाही कोणी नव्हते. त्या सैनिकांपैकीच काहींनी पुढाकार घेतला आणि लोकवर्गणीतून पैसा उभा केला. स्पर्धेची अट अशी की सर्व मृतांची नावे स्मारकावर आली पाहिजेत आणि युद्ध चांगले की वाईट यावर भाष्य नको.

१,४२१ आराखडे आले. ते मांडायला सभागृह पुरेना, म्हणून विमाने ठेवण्याच्या हँगरमध्ये लावले. आठ परीक्षक रांगांमधून हिंडले आणि १९८१ च्या मे महिन्यात त्यांनी एकमताने क्रमांक १०२६ निवडला. लिफाफा उघडला. माया लिन. वय २१. येल विद्यापीठात पदवीला शिकणारी विद्यार्थिनी. चीनमधून अमेरिकेत आलेल्या आईवडिलांची मुलगी. हा आराखडा तिने वर्गातला अभ्यास म्हणून केला होता.

तिने सुचविले होते ते असे. जमिनीला एक छेद द्यायचा आणि तेथे चकचकीत काळ्या दगडाच्या दोन भिंती कोनात जोडायच्या. प्रत्येक भिंत सुमारे ७५ मीटर लांब. टोकाला ती पायाच्या घोट्याएवढी आणि मध्ये सुमारे तीन मीटर उंच. तिच्यावर ५८ हजारांहून अधिक नावे. हुद्दा नाही, पदके नाहीत. अधिकारी आणि साधा शिपाई एकाच मापाच्या अक्षरात. नावे अकारविल्हे नाहीत, ज्या दिवशी जो गेला त्या क्रमाने आहेत. म्हणून जे एका दिवशी पडले ते भिंतीवरही एकत्र आहेत. दगड इतका घासलेला की नाव वाचणाऱ्याला त्या नावांमध्ये आपलाच चेहरा दिसतो. आणि हा दगड कोठला? तो काळा ग्रॅनाइट आपल्या भारतातून, बंगळूरहून गेलेला आहे.

निकाल लागेपर्यंत सर्व ठीक होते. नाव कळले आणि वादळ उठले. काळ्या रंगावर आक्षेप आला, भिंत जमिनीत उतरते म्हणून आक्षेप आला, आणि आशियाई वंशाच्या, कोवळ्या वयाच्या मुलीने हे स्मारक करावे काय, यावरही कडवट बोलणे झाले. तडजोड म्हणून थोड्या अंतरावर तीन सैनिकांचा पुतळा १९८४ साली उभा केला. पण तिची भिंत तिने आखली तशीच उभी राहिली आणि १३ नोव्हेंबर १९८२ रोजी लोकांना अर्पण झाली. त्यानंतर विरोध आपोआप मावळला. आजही माणसे तेथे येतात, आपल्या माणसाच्या नावावर कागद ठेवून पेन्सिलीने ते नाव उमटवून घरी नेतात. कागदावर क्रमांकाऐवजी आपले नाव असते तर आपली निवड झाली नसती, असे माया लिन यांनी पुढे स्वतःच म्हटलेले आहे.

नाव झाकण्याची ही युक्ती काही पाश्चात्त्यांचीच नव्हे. चीनमध्ये सोंग राजवटीत, म्हणजे सुमारे हजार वर्षांपूर्वी, सरकारी नोकरीच्या परीक्षेत उत्तरपत्रिकेवरचे नाव कागद चिकटवून झाकीत. तेवढ्यानेही भागेना, कारण परीक्षक हस्ताक्षर ओळखीत. तेव्हा सरकारने कारकून बसविले. ते प्रत्येक उत्तरपत्रिकेची नक्कल करीत आणि परीक्षकाकडे नक्कल जाई. हे वाचले तेव्हा आम्हाला आमच्या कारकुनीचा अभिमान वाटला! एखाद्या खेडुताच्या मुलाला न्याय मिळावा म्हणून हजार वर्षांपूर्वी कोणी कारकून रात्रभर दिव्याखाली नकला करीत बसला होता.

आपल्याकडेही बोर्डाच्या परीक्षेत नाव नसते, आसन क्रमांक असतो. बँकेत आम्ही चेक पास करतो तेव्हा माणूस मोठा की लहान हे पाहायचे नसते. सही जुळते का आणि खात्यात रक्कम आहे का, एवढेच पाहायचे असते. परंतु कागद संपला आणि समोरासमोर बसायची वेळ आली की आपल्या समाजात काय होते ते येथे बसलेल्यांना सांगायला नको. नाव विचारून झाले की थोड्या वेळाने दुसरा प्रश्न येतो, 'आडनाव?' त्या एका प्रश्नाने आपल्या वडीलधाऱ्यांचे किती तरी अर्ज निकालात निघालेले आहेत. म्हणून हा लिफाफा आपल्याला इतरांपेक्षा अधिक कळतो.

कळतो, असे आम्हीही समजत होतो. आता ती चूक सांगतो.

काही वर्षांपूर्वी आपल्याच मंडळाच्या निबंध स्पर्धेचे परीक्षण आमच्याकडे आले होते. प्रत्येक निबंधावर मुलाचे पूर्ण नाव आणि पत्ता होता. दोन रविवार बसून आम्ही गुण दिले. पहिला नंबर एका मुलाला दिला. त्याचे वडील आमच्या चांगल्या परिचयाचे, घरात पुस्तके, मुलगा इंग्रजी शाळेत जाणारा. निबंध चांगलाच होता, आम्ही मुद्दाम पक्षपात केला असे मुळीच नाही. बक्षीस समारंभ झाला, टाळ्या झाल्या.

महिन्याभराने कपाट आवरताना तो गठ्ठा हाती लागला. तेव्हा माया लिन यांच्याविषयी नुकतेच वाचले होते. सहज गंमत म्हणून मुलीला सांगितले, "यातले दहा निबंध काढ, वरच्या नावावर कागदाची पट्टी लाव आणि आम्हाला दे." वाचू लागलो. एका निबंधापाशी थांबलो. विषय होता 'माझे घर'. पावसाळ्यात घरात पाणी शिरते तेव्हा आई दप्तर आधी उचलते की पिठाचा डबा, एवढेच त्या मुलीने लिहिले होते, पण असे लिहिले होते की आम्हाला पुढचा निबंध हाती घेववेना. आम्ही तिला सर्वांत जास्त गुण दिले. पट्टी काढली. आधीच्या खेपेस त्याच निबंधाला आम्ही वीसपैकी अकरा गुण दिले होते.

अकरा का दिले? आम्ही पुष्कळ आठवून पाहिले. अक्षर बरे नव्हते, शुद्धलेखनाच्या चुका होत्या, हे खरे. पण खरे कारण वेगळे होते. पत्ता वाचला तेव्हाच ती नाल्याकडच्या वस्तीतली आहे हे आम्हाला कळले होते, आणि 'हिचे लिहिणे बेताचेच असणार' असे आम्ही निबंध वाचण्याआधीच मनात ठरवून टाकले होते. ज्या नजरेने आमच्या वडिलांच्या अर्जाकडे कोणी पाहिले असेल, त्याच नजरेने आम्ही एका लेकराच्या वहीकडे पाहिले. फरक एवढाच की तेथे आडनाव होते आणि येथे पत्ता होता.

मित्रहो, ते कळल्यावरही आम्ही तिच्या घरी गेलो नाही. बक्षीस वाटून झाले आहे, आता कशाला, असे म्हणून गठ्ठा कपाटात ठेवून दिला. तेवढे धैर्य आमच्यात नव्हते. आज ते गोळा करून येथे उभे आहोत. ती मुलगी आता मोठी झाली असेल. ती या सभेत असेल किंवा ही स्मरणिका तिच्या हाती पडेल, तर आम्ही तिची मनापासून क्षमा मागतो. निबंध जपून ठेवला आहे.

आता उत्झॉन यांच्या नावाचा जो प्रश्न बाकी ठेवला होता त्याकडे येऊ. निवड करताना नाव झाकावे, कारण तेव्हा नाव कामाच्या आड येते. श्रेय देताना नाव मोठ्याने वाचावे, कारण तेव्हा नाव न घेणे म्हणजे कष्ट बुडविणे. आपण बहुधा उलट करतो. निवडताना आधी नाव विचारतो आणि काम झाल्यावर, ज्याने मांडव घातला, सतरंज्या उचलल्या, त्याचे नाव आभाराच्या यादीत विसरतो. त्या काळ्या भिंतीवर शिपायाचे नाव अधिकाऱ्याच्या शेजारी त्याच मापात कोरलेले आहे, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. लिफाफ्याने सगळे होत नाही. उत्झॉन यांचे वडील जहाजांचे आराखडे करणारे होते. पियानो यांचे वडील इमारती बांधीत. माया लिन यांचे आईवडील दोघेही विद्यापीठात शिकविणारे. स्पर्धेचे दार लिफाफ्याने उघडले, पण दारापर्यंतचा रस्ता घरातल्या शिक्षणाने तयार झाला होता. ज्या घरात पिठाचा डबा की दप्तर असा प्रश्न पडतो, तेथल्या मुलाला रस्ता कोण करून देणार? मंडळाची अभ्यासिका, मंडळाचे वाचनालय हा तो रस्ता आहे. वीज बिलाची वर्गणी मागायला कार्यकर्ते आले तर दार लावून घेऊ नका, एवढेच सभासदांना सांगणे आहे.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हाला आमचे सांगणे थोडे आहे. 'आपल्याला कोण विचारतो' असे म्हणून अर्ज न भरणे ही सर्वांत सोपी हार आहे. वर्गातला अभ्यास म्हणून केलेला कागद एका एकवीस वर्षांच्या मुलीने पाठविला. तो तिने पाठविलाच नसता तर जगातल्या कोणत्याही न्यायी परीक्षकाला तो निवडता आला नसता. लिफाफा न्याय देईल, पण तो टपालात तुम्हीच टाकला पाहिजे.

आणि कार्यकारिणीला एक लेखी सूचना आम्ही आजच देत आहोत. यंदापासून मंडळाच्या निबंध, चित्रकला आणि हस्ताक्षर स्पर्धांत वहीवर फक्त क्रमांक असावा. नाव आणि पत्ता वेगळ्या लिफाफ्यात. लिफाफे निकाल ठरल्यावर सर्वांसमक्ष उघडावेत. खर्च म्हणाल तर शंभर लिफाफ्यांचा. तो आम्ही देऊ. क्रमांक टाकण्याचे आणि नोंदवहीचे कामही आम्हीच करू, कारण कारकुनी तेवढी आम्हाला येते. फक्त परीक्षक म्हणून आम्हाला यंदा नेमू नका.